पान्हा विसरला नव्हता

पुढं जे लिहिते आहे त्यातलं निम्मं माझं नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं ते घरच्यांकडून मागून आणलं आहे. जानेवारीतल्या त्या दिवसांत मी कुठं होते, काय बोलले, कुणाला ओळखलं नाही, हे सगळं मला इतरांनी सांगितलं आणि प्रत्येकानं वेगळं सांगितलं. माझे पती सुमेध म्हणतात, मी अगदी शांत पडून होते. सासूबाई म्हणतात, मी एका डॉक्टरला चावले. दोघंही माझ्याशी खोटं बोलणारी माणसं नव्हेत, त्यामुळं मी दोन्ही धरून चालते.

मी प्रज्ञा. लोहाऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. 'स्मृती आणि विस्मरण' हा धडा चौदा वर्षं दरवर्षी शिकवत आले. फळ्यावर तीन चौकोन काढायचे, मधे बाण काढायचे. पहिला वेदनिक, दुसरा अल्पकालीन, तिसरा दीर्घकालीन. पोरांची तोंडं कोरी दिसली की मी त्याचं अंगण, ओसरी आणि कणगी करायची. अंगणात दिवसभर शंभर गोष्टी येतात, त्यातल्या दोन-चार ओसरीवर टेकतात, आणि परत परत घोळवलेली एखादीच आतल्या कणगीत जाऊन पडते. मग विस्मरणाची कारणं. एक तर आठवण न वापरता झिजते. नाहीतर जुनी आणि नवी एकमेकींच्या आड येतात. किंवा ती आत असते, पण तिच्यापर्यंत नेणारी खूण हाती लागत नाही. आणि काही गोष्टी माणसाला आठवायच्याच नसतात. हे सगळं मी इतक्या ठासून सांगायची की जणू कणगीत डोकावून आले होते.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी माझ्यासारख्या कुणाचं तरी लिहिलेलं शोधलं. औषधांबद्दल पुष्कळ मिळालं, यंत्रांबद्दलही. पण स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वाटायला लागलं तर काय करायचं, हे आपल्या भाषेत सांगणारं काही सापडलं नाही. म्हणून हा खटाटोप.

रोल नंबर सतरा

तीन दिवस ताप होता. पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती, म्हणून मी गोळी घेऊन कॉलेजला गेले. हजेरी घेताना मी रोल नंबर सतरा पुकारला. मुलगी म्हणाली, हजर. मी पुन्हा सतरा पुकारला. ती पुन्हा हजर म्हणाली. तिसऱ्यांदा पुकारला तेव्हा वर्ग हसायला लागला, कारण मॅडम चेष्टा करतात हे त्यांना माहीत होतं. सतरा नंबरची मुलगी मात्र हसली नाही. ती न विचारता वर्गाबाहेर गेली आणि स्टाफरूममधून सरांना घेऊन आली.

या मुलीनं पुढं मला सांगितलं की तिला माझ्या डोळ्यांकडं बघून भीती वाटली. मॅडम तिच्याकडं बघत होत्या, पण बघत नव्हत्या. एवढ्या वयात हा फरक तिला कळला आणि तिनं लाज बाजूला ठेवली, म्हणून मी आज लिहिते आहे. डॉक्टर नंतर म्हणाले की एक दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं. तिला बारावीला मानसशास्त्रात चांगले गुण मिळाले. ते तिचे तिनेच मिळवले, कारण शिकवायला मी नव्हतेच.

दुपारी घरी मला झटका आला. जीपमधून आधी उमरग्याला आणि तिथून सोलापूरला नेलं. यातलं मला काही आठवत नाही. वर्गात शिकवायला उपयोगी पडेल असं एक मात्र सुमेधच्या बोलण्यातून कळलं. जीपमध्ये मी सुमेधना ओळखत नव्हते, पण वाटेत आमच्या गल्लीतल्या एका काकांनी खिडकीतून 'जय भीम' म्हटलं, तेव्हा मी हात उचलून 'जय भीम' म्हणाले. काका कोण, हे मला माहीत नव्हतं. तो शब्द आला की त्याला तो शब्द परत द्यायचा, एवढं मात्र पक्कं होतं.

निदानाचा दिवस

हा दिवस माझा नाही, सुमेधचा आहे. ते तहसील कार्यालयात लिपिक आहेत. रोज दुसऱ्यांचे अर्ज वाचणारा माणूस त्या दिवशी स्वतःच्या हातातला कागद तीनदा वाचूनही काही कळेना म्हणून बाकावर बसून राहिला. विषाणूमुळं मेंदूला सूज आली होती आणि ती नेमकी आठवणी सांभाळणाऱ्या भागात होती. सुमेधनी विचारलं, वाचेल ना? डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल असं वाटतंय. बाकी काय काय वाचेल, ते त्या जाग्या झाल्यावर बघू."

सुमेधना त्या 'बाकी'चा अर्थ तेव्हा कळला नाही. त्यांना जीव वाचेल एवढंच ऐकू आलं आणि ते बाहेर जाऊन आत्यांच्या पाया पडले. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, तेही म्हणायला लागलेत माझ्या नादानं. आत्या म्हणाल्या, माझ्या कशाला पाया पडतोस, त्या डॉक्टरच्या पड.

कोणता जिल्हा?

नऊ दिवसांनी मला बायकांच्या वॉर्डात हलवलं. तिथल्या गोष्टी थोड्या थोड्या माझ्या स्वतःच्या आहेत. वॉर्डातल्या मावशी माझ्या केसांना खोबरेल तेल लावत होत्या, ही माझी पहिली पक्की आठवण. केसांचा अगदी नारळाच्या शेंडीसारखा गुंता झाला होता. दुसरी कुणी असती तर कातर लावली असती. त्या रोज थोडा थोडा गुंता सोडवत राहिल्या, आणि सोडवताना मला माझं नाव विचारत राहिल्या. मला सांगता आलं की त्यांनाच बक्षीस मिळाल्यासारखं व्हायचं.

सकाळी साडेआठला शिकाऊ डॉक्टर यायचे. तरुण मुलगा, मुंबईकडचा असावा. नाव काय, आज वार कोणता, तुम्ही कुठून आलात, जिल्हा कोणता? मी म्हणाले, उस्मानाबाद. त्यानं कागदावर फुली मारली. सुमेध खुर्चीतून उठलेच.

"साहेब, ते चूक धरू नका. आमच्याकडं निम्मी माणसं अजून तसंच म्हणत्यात. मी स्वतः ऑफिसात शिक्का मारतो धाराशिवचा आन् फोनवर बोलताना जुनंच तोंडात येतंय."

मुलगा गोंधळला. त्याच्या कागदावर अशा उत्तराला जागा नव्हती. मला मात्र आत कुठंतरी गंमत वाटली. वर्गात जुनं शिकलेलं नव्याच्या आड येतं हे सांगताना मी हेच उदाहरण द्यायची. एसटीच्या पाटीवर एक नाव असतं आणि आपण कंडक्टरला दुसरंच सांगतो, हे विस्मरण नव्हे, ही जिभेची जुनी वाट आहे. पोरं खूप हसायची. आता मीच ते उदाहरण होऊन खाटेवर बसले होते.

मुलानं फुली खोडली आणि पुढचा प्रश्न विचारला. साल कोणतं? मी सांगितलं. त्यानं सुमेधकडं पाहिलं. यावेळी सुमेध परत खुर्चीत बसले. मी दोन वर्षं मागचं साल सांगितलं होतं.

जिल्ह्याचं नाव चुकलं ते जिभेमुळं, ती चूक आम्हां सगळ्यांची होती. ही चूक एकट्या माझी होती. पण ती मला कळलीच नव्हती, आणि न कळलेल्या चुकीची भीती वाटत नाही. ती बाकीच्यांच्या वाट्याला येते.

ओला झालेला गाऊन

मी रोज मुलाची चौकशी करायची. सिद्धू कुठं आहे, जेवला का, बालवाडीत कोण सोडतं? तो माझ्या आईकडं जळकोटला आहे, असं आत्या सांगायच्या. सिद्धू तेव्हा दुसरीत होता. आत्यांनी माझी चूक दुरुस्त केली नाही. आणि मी आणखी एका कुणाबद्दल विचारत नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी ते चार दिवस पोटात ठेवलं. स्वतःच्या मुलालाही सांगितलं नाही. तो आधीच खचला होता, उद्या आठवेल, परवा आठवेल, अशा आशेवर त्या होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला तिची जाऊ आली. कडेवर तान्हं होतं. ते रडायला लागलं. आणि माझ्या अंगावरचा गाऊन छातीशी ओला झाला.

मी घाबरले. मला वाटलं, अंगावर कुठं जखम आहे आणि ती फुटली. मी मावशींना हाक मारून दाखवलं. त्यांनी बघितलं आणि हसून म्हणाल्या, "काय न्हाय बाई, पान्हा फुटलाय. लेकराचं रडं ऐकलं न्हवं. कितव्या महिन्याचं हाय तुमचं?"

मी म्हणाले, माझा मुलगा बालवाडीत जातो.

मावशींचं हसू गेलं. त्या आत्यांकडं बघायला लागल्या. आत्या पायापाशी बसून संत्रं सोलत होत्या. त्यांनी ते पिशवीत ठेवलं, हात पदराला पुसले आणि माझ्याजवळ आल्या.

"लेकरू हाय तुजं," त्या म्हणाल्या. "पोरगी. धा महिन्याची झाली. मैत्री नाव हाय. तूच ठिवलंस."

मी म्हणाले, खोटं.

त्यांनी फोन काढला. त्यांना फोटो उघडता येत नव्हता, म्हणून मीच उघडला. फोन माझा होता, मी तो कधी घेतला ते मला ठाऊक नव्हतं, पण बोटानं त्याचं कुलूप बरोबर काढलं. फोटोत माझ्या तोंडाची एक बाई एक बाळ घेऊन बसली होती. त्यात मी एकच गोष्ट ओळखली. बाईच्या अंगावरची हिरवी साडी माझ्या भावानं दिलेली होती.

आपण काय काय विसरलो हे कळणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. नऊ महिने पोटात, दहा महिने अंगावर. इतकं सगळं जाऊ शकतं तर उरलेलं तरी माझं कशावरून? मी रडले नाही. मी आत्यांना म्हणाले, मला भीती वाटते. त्या म्हणाल्या, वाटू दे. आणि खाटेवर चढून माझ्याशेजारी आडव्या झाल्या. नर्स रागावली तरी उतरल्या नाहीत. त्यांच्या तोंडाला येणाऱ्या मिसरीच्या वासानं मला झोप लागली. त्या झोपेचे उपकार मी कसे फेडणार?

चौदा वर्षं काय शिकवलं

डॉक्टरांनी समजावलं ते मला पोरांपेक्षा लवकर समजलं, एवढा शिक्षकी पेशाचा फायदा. नवीन आठवण कच्च्या गिलाव्यासारखी असते. ती वाळून घट्ट व्हायला महिने, कधी वर्षं लागतात. भिंतीला हादरा बसला तर ताजा गिलावा आधी पडतो, जुना राहतो. म्हणून जळकोटच्या शाळेतले पाढे मला येत होते, सिद्धूचा जन्म लख्ख आठवत होता, पण मैत्रीचा नाही. आणि हाताला, बोटाला, अंगाला जे येतं ते वेगळ्याच ठिकाणी असतं. तिथपर्यंत सूज पोचली नव्हती. माझी अंगण-ओसरी-कणगी चुकीची नव्हती, पण अपुरी होती. घराला आणखी एक खोली होती आणि तिचं दार मी पोरांना कधी दाखवलं नव्हतं.

मी डॉक्टरांना विचारलं, परत येईल का? ते म्हणाले, काही येईल. त्या दोन वर्षांतलं बहुतेक येणार नाही. त्यांनी गोड करून सांगितलं नाही याचं मला तेव्हा वाईट वाटलं. आता बरं वाटतं. येणार येणार म्हणून वाट बघत बसले असते तर मैत्रीचं बाळपण दुसऱ्यांदा गेलं असतं.

मला ओळखलं का?

फेब्रुवारीच्या शेवटी घरी आले. आईनं दोन्ही लेकरं जळकोटहून आणली होती. सिद्धू दारात थबकला, कारण माझे केस गळून विरळ झालेले आणि तोंड सुजलेलं होतं. मैत्री थबकली नाही. तिनं आईच्या कडेवरून दोन्ही हात माझ्याकडं टाकले. ती मला ओळखत होती. मी तिला घेतलं, सगळे रडले, आणि मला काहीच वाटलं नाही.

हे लिहायला मला पाच महिने लागलेत. एखाद्या नात्यातल्या बाईचं गोड बाळ घ्यावं, तेवढंच वाटलं. तिला पाजताही येत नव्हतं. औषधं चालू असेपर्यंत पाजायचं नाही असं बजावलं होतं, आणि तोवर दूधही आटत आलं होतं. अंगाला जी एक गोष्ट आठवत होती तीही अशी संपली. मी हसत राहिले, कारण सगळे माझ्याकडं बघत होते.

मग माणसं यायला लागली. लोहाऱ्यात आजारी माणसाला भेटायला सगळं गाव येतं आणि मी त्यासाठी ऋणी आहे. पण येणारा प्रत्येक जण पाय धुण्याआधी विचारायचा, मला ओळखलं का? ओळखलं असेल तर पुढं, मग मी कोण सांगा बरं? एक मामा तर टोपी काढून, टोपी घालून, दोन्ही रीतींनी समोर उभे राहिले. त्यांना मी आजारी नसतानाही कधी नीट ओळखलं नव्हतं. कुणाच्या घरी असं माणूस असेल तर एवढी कृपा करा. आत येताच स्वतःचं नाव सांगा, नातं सांगा, आणि चहा प्या.

सुमेधची तऱ्हा वेगळी होती. ते रोज ऑफिसातून आले की माझ्याजवळ बसून फोटो दाखवायचे. हा बाळंतपणातला, हे नाव ठेवलं तो दिवस, हा पहिला दात. आठवतंय का? दर फोटोमागं ते माझं तोंड निरखायचे. सुरुवातीला मी नाही म्हणायची. मग त्यांचा खांदा थोडा खाली यायचा. दोन महिने त्या माणसानं धड जेवण केलं नव्हतं. एका संध्याकाळी मी म्हणाले, हो, थोडं थोडं आठवतंय. त्यांचं तोंड असं उजळलं की दुसऱ्या दिवशी मी आणखी थोडं आठवलं.

मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही. मला चांगलं ठाऊक होतं की फोटो बघून आणि ऐकून माणूस आठवण तयार करतो आणि मग तीच खरी मानतो. पण मी करत गेले. मुलाखतीला पाठ करून जावं तसं मैत्रीचं बाळपण पाठ करत गेले.

आणि पकडले गेले. सुमेध फोटो सरकवत होते. पिवळ्या फ्रॉकातलं बाळ आलं. मी त्यांच्या आधीच म्हणाले, हो, या दिवशी ही किती रडली होती.

सुमेधनी फोटो बोटांनी मोठा केला. मग म्हणाले, "ही आपली न्हाय. ही ढोकीची, अक्काची पोरगी. माजी भाची." फोन खाली ठेवून म्हणाले, "तू मला बरं वाटावं म्हणून बोलायलीस का?"

मी हो म्हणाले. आणि एकदा तोंड उघडल्यावर बाकीचंही बाहेर पडलं. मला काहीच आठवत नाही. आणि आठवत नाही ते एक वेळ परवडलं, पण तिला घेतल्यावर आई असल्यासारखं वाटतच नाही. मी तिला घेते कारण तुम्ही सगळे बघता.

सुमेध उठून परसात गेले. ते रागावले नव्हते, त्यांना कुठं बघावं ते कळत नव्हतं. चुलीपाशी आत्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं आणि हातातली भाकरी थापतच राहिल्या.

"ह्यो सुमेध तान्हा हुता तवा म्या खुरपायला जायची," त्या म्हणाल्या. "दिस उगवायला जायची, मावळायला यायची. बांधावर झोळी बांधून टाकायची, रडला तर रडला. तेचा पयला दात कवा आला मला म्हाईत न्हाय. कवा रांगला तेबी म्हाईत न्हाय. इचार तेला, कोण आय हाय तुजी म्हून."

मी म्हणाले, तुम्हांला त्याचं काही वाटलं नाही?

"वाटलं की. पर वाटून काय करू? लेकरू आठवणीवर वाढत न्हाय, बाई. हातावर वाढतंय. उद्यापासून तिचं न्हाणंधुणं तू कर."

या बाईला शाळा माहीत नाही. तिच्या वाक्यानं मला जितकं सोडवलं तितकं कुठल्याही पुस्तकानं सोडवलं नाही. मी तिथंच बसून मोठ्यानं रडले. आजारात पहिल्यांदा. आत्यांनी एक भाकरी करपू दिली.

हातावर

दुसऱ्या दिवसापासून सुमेधनी फोटो दाखवणं बंद केलं. मी मैत्रीला न्हाऊ घालायला लागले. पाय लांब करून बसायचं, पायांवर बाळ पालथं घ्यायचं, तेल, मग कोमट पाणी. सिद्धूच्या वेळचं सगळं हातात होतं. वाटायची वाट बघू नकोस, नुसतं कर, असं मी स्वतःला बजावलं.

सोपं नव्हतं. नव्या गोष्टी माझ्या डोक्यात टिकत नव्हत्या. सकाळचं दुपारी पुसलं जायचं. एकदा मी तिला अर्ध्या तासात दोनदा खिमट भरवलं आणि तिनं सगळं ओकून टाकलं. त्या दिवशी मला माझीच धास्ती बसली. सुमेधनी सिद्धूची पाटी स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली. जे झालं ते तिथं लिहायचं. न्हाली. जेवली. झोपली. सिद्धूला यात मोठी मजा वाटायची. तो मधूनच आपलंही लिहायचा, सिद्धूला लाडू दिला नाही.

महिनाभरानं कधीतरी माझ्या ध्यानात आलं की ती पाण्याला भीत नाही पण तांब्याच्या आवाजाला भिते. मी तांब्याऐवजी प्लास्टिकचा मग घेतला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पाटीवरही नव्हतं. मग आणखी एक कळलं, झोप आली की ती माझा कान धरते, दुसऱ्या कुणाचा नाही. आणि एका दुपारी ती पाळण्यात नीट झोपलेली असताना मी तिसऱ्यांदा तिला बघायला गेले, तेव्हा माझं मलाच हसू आलं. कुणीही बघत नव्हतं.

ती ओढ परत आली की नव्यानं लागली, मला सांगता येत नाही. कदाचित नव्यानंच. पोटात असताना आणि अंगावर पीत असताना जी माया केली असेल, ती करणारी बाई मी होते असं सगळे सांगतात. मी तिची आभारी आहे. तिनं या पोरीला इतकं भरभरून दिलं होतं, म्हणून तर ती मला परकी मानायला तयार झाली नाही.

तिसरी तपासणी

जूनमध्ये सोलापूरला तिसऱ्यांदा तपासणीला गेलो. कॉलेजला अर्धा वेळ रुजू होण्याची परवानगी मिळणार की नाही ते त्यावर होतं, पण खरं सांगायचं तर मला दुसऱ्याच उत्तराची काळजी होती. मैत्रीला दिवसभर माझ्या एकटीवर सोडता येईल का, हे मला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं होतं. ढोकीला अक्काचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं आणि आत्यांना तिकडं जायचं होतं. आदल्या दिवशी त्या उगाचच शेजारी जाऊन बसल्या होत्या. मला आणि मैत्रीला एकटं सोडून बघण्यासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तपासणीत डॉक्टर पाच शब्द सांगतात, ते थोड्या वेळानं परत म्हणायचे असतात. मला चार आले. मग ते विचारतात, काल दुपारी काय केलं ते सांगा. माझ्या खुर्चीमागं सुमेध उभे असतात. मी काही सांगितलं की डॉक्टर त्यांच्याकडं बघतात, ते मानेनं हो किंवा नाही म्हणतात, आणि डॉक्टर तशी खूण करतात. आधीच्या दोन्ही वेळी मानेनं नाही जास्त वेळा झालं होतं.

मी सांगायला लागले. काल दुपारी लाईट गेली होती. मी मैत्रीला घेऊन दारातल्या फरशीवर बसले. भाकरी दुधात कुस्करून भरवत होते. एक तुकडा खाली पडला आणि मुंगी त्याला ओढायला लागली. मैत्री खाणं सोडून खाली वाकून बघत राहिली. मग तिनं स्वतःच्या तोंडातला घास काढला, मुंगीच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, घे. मुंगी वळसा घालून निघून गेली. मैत्री तिच्या मागं मागं उंबऱ्यापर्यंत रांगत गेली आणि पुन्हा म्हणाली, घे. तोवर तिला 'आ' आणि 'बा' सोडून काही येत नव्हतं. हा तिचा पहिला शब्द.

डॉक्टरांनी सवयीनं सुमेधकडं पाहिलं. मीही मान वळवून पाहिलं. सुमेध हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

"मला म्हाईत न्हाय साहेब," ते म्हणाले. "मी ऑफिसात हुतो. ह्या दोघीच हुत्या घरात. हे मी आत्ताच ऐकायलो."

डॉक्टरांनी पेन कागदावर टेकवून ठेवलं. मग पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं, बरोबर लिहू का?

मी म्हणाले, लिहा.